पोलादी घार आणि चौथा खटका

चौथा खटका वर सरकवण्यात काकिनुमाचा फायदा दिवसाला पाचशे येनचा होता. त्यानं तो आधी कागदावर मांडून पाहिला होता. न मांडता काही करायचा त्याचा स्वभावच नव्हता. लग्नसुद्धा त्यानं असंच मांडून केलं होतं. फुसाएला अक्कल किती, हा रकाना मात्र त्या वेळी रिकामा राहिला होता, आणि पुढची सव्वीस वर्षं तो भरण्यात गेली.

हिशेब साधा होता. नुमाझूच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं 'हामाया' नावाचं, नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ खेळांचं दुकान. चौदा मशिनं, एक पंखा, सुट्टे देणारी एक खिडकी आणि खिडकीत फुसाए. मे महिन्यात त्यानं 'पोलादी घार' या विमानांच्या खेळाचा, मशिनमध्ये बसवायचा बोर्ड एक लाख अडुसष्ट हजार येन मोजून आणला. असा बोर्ड तीन महिन्यांत आपले पैसे फेडतो, नाहीतर कधीच फेडत नाही. चौथ्या महिन्यात नवा खेळ येतो आणि जुन्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आणि या घारीसमोर रोज सकाळी दहा ते बारा उरुशिबारा बसायचा.

उरुशिबारा टपाल कार्यालयात रात्रपाळीला होता. पत्रांवर शिक्के मारायचे, ती गावागणिक लावायची, सकाळी सुटून भाताचे दोन गोळे खायचे आणि हामायात यायचं. वय सव्वीस, बोलणं मोजकं. शंभर येनचं एक नाणं टाकायचा आणि तासभर मरायचाच नाही. दोन तासांत दोन नाणी. माणूस सज्जन, पण मालकाच्या नजरेनं पाहिलं तर भाडं न भरता राहणारा भाडेकरू.

"त्याच्यापेक्षा त्या खुर्चीवर दुकानांत ठेवतात ते चिनीमातीचं मांजर बसवा," नागुमो म्हणायचा. नागुमो मासळीबाजारातला हमाल. पहाटेचा लिलाव संपला की रबरी बूट घालूनच यायचा आणि माहजोंगच्या, म्हणजे सोंगट्यांच्या खेळाच्या, मशिनवर पडद्यावरच्या चित्रातल्या बायकांशी हरत बसायचा. "मांजर निदान पंजा हलवून गिऱ्हाईक बोलावतं."

"तू आधी तुझ्या बुटांना वास कमी यायला सांग. तुला बघूनच निम्मे परत फिरतात," काकिनुमा म्हणायचा. पण मांजराची गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली.

बोर्डावर एका ओळीत तांदळाच्या दाण्याएवढे आठ पांढरे खटके असतात. खेळ किती अवघड असावा हे त्यातला चौथा ठरवतो. कारखान्यातून येताना तो खाली असतो, म्हणजे 'नेहमीचं'. वर केला की 'अवघड': शत्रूची विमानं दाटीनं येतात, गोळ्या लवकर सुटतात. पंचवीस जुलैला दुकान उघडण्याआधी काकिनुमानं मशिनचं मागचं दार काढलं आणि दात कोरायच्या काडीनं तो खटका वर ढकलला. यात गुन्हा काही नव्हता. असं सगळेच मालक करतात, सांगत कुणी नाही आणि विचारतही कुणी नाही.

त्या दिवशी उरुशिबारा वीस मिनिटांत मेला. मग पंधरा, मग पुन्हा वीस. दोन तासांत त्यानं सात नाणी टाकली. हिशेब येनला येन जुळला.

हिशेबात धरली नव्हती ती वही. सुट्ट्यांच्या खिडकीशेजारी दोरीला बांधलेली एक वही होती, अशा दुकानांतून असते तशी. खेळणारे येता-जाता तिच्यात लिहायचे, एकमेकांना टोमणे मारायचे, चित्रं काढायचे. समोरासमोर ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही ते वहीत पानंच्या पानं भरायचे. काकिनुमा रोज सकाळी लादी पुसायच्या आधी ती वाचायचा. उरुशिबाराचं अक्षर टपालखात्याचं, सरळ आणि ठसठशीत:

'२८ जुलै. तिसऱ्या टप्प्यातच गेलो. हात उशिरा पोचतोय.'

'२ ऑगस्ट. आजही तेच. डोळे असतील का?'

खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'वय.'

'६ ऑगस्ट. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत काही नाही. तरी चष्मा घेतला.'

दुसऱ्या दिवशी तो चष्मा घालून आला. बारीक काळ्या काड्यांचा. काकिनुमानं तो पाहिला आणि 'शोभतोय हं' म्हणाला. नंतर त्याला वाटलं, एवढं म्हणायची तरी काय गरज होती. खटका आठवडाभरच वर ठेवायचा असं त्यानं ठरवलं होतं. पण आठवडा संपला तेव्हा ओबोनचे, पितरांच्या सणाचे, दिवस तोंडावर आले, टोकियोहून घरी आलेली मंडळी दुकानात शिरायला लागली, आणि गर्दीच्या दिवसांत मशिन उघडून कोण बसणार? त्याच्यापाशी अशी कारणं कधी कमी पडत नसत.

अठरा ऑगस्टला सकाळी नागुमो ओरडला.

"मालक! अहो मालक, इकडे या! हा पोरगा मरत नाहीये!"

उरुशिबारा पाऊण तास खेळत होता. पाठ ताठ, चष्मा नाकावर घसरलेला, तो वर करायलाही हात मोकळा नाही. काकिनुमा त्याच्यामागे जाऊन उभा राहिला. तीन आठवडे मार खाऊन त्या माणसाच्या हातांनी नवी घाई शिकून घेतली होती. शेवटची घार पडली आणि पडद्यावर आकडा थांबला: सत्त्याऐंशी लाख साठ हजार.

देशातला विक्रम ब्याऐंशी लाख दहा हजार चारशे होता. खेळांच्या मासिकात छापून आलेला तो आकडा इथल्या प्रत्येकाला घरच्या फोन नंबरासारखा पाठ होता.

"साडेपाच लाख वर?" नागुमो म्हणाला. "अरे, विक्रम मोडतात तो पाच-दहा हजारांनी. तू तर त्याची हाडंच मोडलीस!"

साडेपाच लाख कुठून आले ते काकिनुमाला तत्काळ कळलं. अवघड खेळात विमानं जास्त. जास्त विमानं पाडली तर गुणही जास्त. हा विक्रम जितका उरुशिबाराच्या हातांचा होता तितकाच चौथ्या खटक्याचा होता.

उरुशिबारानं चष्मा पुसला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. मासिकाचा अर्ज. खेळ, नाव, गाव हे त्यानं आधीच, कधीतरी उमेदीच्या दिवशी, भरून ठेवलं होतं. फक्त आकड्याची जागा रिकामी होती. तळाशी छापलेलं होतं: 'हा खेळ कारखान्यातून आलेल्या मांडणीवरच झाला, याची हमी दुकान देत आहे.' आणि शिक्क्यासाठी चौकोन. मासिकवाले नुमाझूला येऊन काही बघत नाहीत. दुकानाचा शिक्का हाच पुरावा.

"मालक, वीस तारखेपर्यंतचा टपालाचा शिक्का चालतो," उरुशिबारा म्हणाला. "आज दिलात तर मी स्वतःच टाकतो पेटीत."

आता काकिनुमाच्या डोक्यात दुसरा हिशेब सुरू झाला. स्टेशनसमोरच्या 'कोमेट'चं नाव वसंतात मासिकात छापून आलं होतं. नाव कसलं, विक्रमवीराच्या नावाखाली मुंगीएवढं अक्षर. पण तेव्हापासून मिशिमाची, फुजीची पोरं डबे बांधून रेल्वेनं कोमेटला येत होती. हामायाचं नाव आलं तर दिवसाला तीन हजार येन कुठे गेले नाहीत. शिक्का मारायला लागणार एक क्षण. विचारणारं कुणी नाही.

"शिक्का," काकिनुमा म्हणाला, "शिक्का हिशेबनीसाकडे आहे. कर भरायचाय ना. तीन-चार दिवस लागतील."

खिडकीत फुसाएनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"तीन-चार दिवस म्हणजे वीस तारीख उलटायची," नागुमो म्हणाला. "पण त्यात काय मोठं? उरुशिबारा, टपालाचा शिक्का तुझ्याच हातात असतो ना? बावीस तारखेला वीसचा मार. कोण बघतंय?"

उरुशिबारा हसला नाही, चिडलाही नाही. "नागुमोसान, मी रात्रीला चार हजार शिक्के मारतो. सहा वर्षांत एक खोटा मारलेला नाही. तेवढं सोडून काहीही बोला."

काकिनुमानं जवळची राखदाणी उचलली आणि पुसायला लागला. ती स्वच्छच होती.

दुपारी दुकान रिकामं झालं तसं फुसाएनं जवाच्या गार चहाचे दोन पेले आणून ठेवले.

"अहो, शिक्का हिशेबनीसाकडे आहे का?"

"हं."

"मग सकाळी वीजबिलाच्या पावतीवर मी काय बटाटा कोरून छाप मारला?"

काकिनुमानं चहा प्यायला.

"चहाच्या डब्यात आहे तुमचा हिशेबनीस," ती म्हणाली. "आणि दुसरं सांगू? रोज पेट्या मी रिकाम्या करते. घारीच्या पेटीत आधी सकाळची दोन नाणी निघायची. आता सात निघतात. पंचवीस दिवस झाले. मी म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील."

"सगळेच मालक करतात, अगं."

"करतात की. पण सगळ्यांच्या गिऱ्हाइकाला चष्मा लागत नाही."

"आता सांगितलं तर त्याचा विक्रम जातो."

"त्याचा जातो की तुमची मुंगी जाते?"

मुंगीएवढ्या अक्षराबद्दल तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. फुसाएच्या अकलेचा तो रकाना असा अधूनमधून भरत असे.

"एक तर शिक्का मारा, नाहीतर सांगून टाका," फुसाए पेले उचलत म्हणाली. "डब्यात ठेवून तो काय मुरणार आहे?"

काकिनुमानं दोन्हींतलं काही केलं नाही. त्याच्यासारखा माणूस दोन दरवाजे समोर असले की खिडकी शोधतो. एकोणीस तारखेला सकाळी त्यानं मशिन उघडलं आणि काडीनं चौथा खटका पुन्हा खाली आणला. हिशेब असा, की जो अवघड घारीला पाणी पाजतो तो नेहमीच्या घारीवर डोळे मिटून विक्रम करील. मग खरा आकडा, खरा शिक्का, आणि मधल्या पंचवीस दिवसांबद्दल कुणी कुणाला काही सांगायला नको.

उरुशिबारा आला. "आजचा दिवस आहेच, तर खेळतो," म्हणाला आणि नाणं टाकलं.

पहिली पाच विमानं पडद्याच्या वरच्या कडेनं खाली आली. उरुशिबाराची गोळी ती यायच्या आधीच तिथून निघून गेली होती. त्याचा हात थबकला. पहिल्याच टप्प्यात, जिथे तो मे महिन्यापासून कधी मेला नव्हता, तिथे तो नुसता बघत राहिला आणि एक विमान त्याच्यावर येऊन आदळलं.

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पण काकिनुमाला त्याची मान दिसत होती, आणि त्या मानेला सगळं कळलेलं दिसत होतं.

तो शेवटपर्यंत खेळला. खेळ संथ झाला होता आणि हातांना घाई जडली होती. प्रत्येक वळणावर तो पाव क्षण आधी पोचायचा. जिथे थांबायचं तिथे पुढे गेलेला, जिथे गोळी हवी तिथे ती आधीच संपलेली. जुलैमध्ये, खटका वर जायच्या आदल्या दिवशी, हाच माणूस ऐंशी लाख चाळीस हजारांवर होता आणि रोज थोडा थोडा चढत होता. आज आकडा एकोणऐंशी लाखांवर थांबला.

तो उठला. खिडकीपाशी गेला, दोरीची वही ओढून एक ओळ लिहिली, फुसाएला मान लववली आणि निघून गेला.

काकिनुमानं वही उघडली.

'१९ ऑगस्ट. डोळे ठीक आहेत.'

बस. एवढंच. शिवी असती तर बरं वाटलं असतं. शिवीची परतफेड करता येते. फुसाएनं पेन पुढे केलं. त्यानं त्या ओळीखाली लिहिलं, आणि चारचौघांना वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'पंचवीस जुलै ते अठरा ऑगस्ट 'पोलादी घार' अवघड मांडणीवर होती. खटका मी फिरवला. नाणी जास्त पडावीत म्हणून. त्या दिवसांतले आकडे मासिकाला पाठवता येणार नाहीत. दोष खेळणाऱ्यांच्या डोळ्यांचा किंवा हातांचा नव्हता. काकिनुमा, मालक.'

मग त्यानं चहाच्या डब्यातून शिक्का काढला आणि नावापुढे मारला.

"तिथे कशाला?" फुसाएनं विचारलं.

"म्हणजे कुणी म्हणायला नको, दुसऱ्यानं लिहिलं."

संध्याकाळपर्यंत ते पान बऱ्याच जणांनी वाचलं. नेहमीची तिघं वाचून झाल्यावर आपापल्या टोप्या घालून स्टेशनच्या दिशेनं गेली आणि नंतर हामायात दिसली नाहीत. नागुमोनं वाचलं आणि माहजोंगच्या मशिनला लाथ मारली.

"म्हणजे हिच्यातही खटका आहे? दोन वर्षं हरतोय मी!"

"तिच्यात नाही," काकिनुमा म्हणाला. "तुला खेळता येत नाही."

वीस तारखेला उरुशिबारा येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. तो दहाला आला. आधी वही वाचली, सावकाश, पत्रावरचा पत्ता वाचावा तशी. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"मालक, पाचच्या आत टपाल निघतं."

"खेळ की, खेळ," काकिनुमा म्हणाला. त्यानं घाईघाईनं मशिनची किल्ली काढली. आतलं बटण दाबलं की नाणं न टाकता खेळ सुरू होतो. "आज दिवसभर माझ्याकडून."

"नको. फुकटच्या नाण्यावर आकडा झाला तर तो माझा होत नाही."

त्यानं स्वतःचं नाणं टाकलं. सकाळी दोन खेळ झाले. पहिला ऐंशी लाख, दुसरा एक्क्याऐंशी. हात हळूहळू आपली घाई विसरत होते. बाराला तो एरवी झोपायला जायचा. आज गेला नाही. फुसाएनं शेजारच्या मशिनचा आवाज बंद केला आणि वाळवलेली मासळी भाजून भाताबरोबर त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती काट्यांसकट स्वच्छ संपवली. नागुमो आज खेळला नाही. बूट दाराबाहेर काढून, मोजे घालून बसला होता, आणि त्याच्याकडून याहून मोठा आदर कुणालाच मिळाला नसता.

पावणेचारला त्यानं शेवटचं नाणं टाकलं. रात्रपाळीची झोप डोळ्यांत होती, तरी तो चुकत नव्हता. पाचव्या टप्प्यापर्यंत एकही विमान गमावलं नाही. काकिनुमा मागे उभा राहून आकडा बघत होता आणि त्याच्या लक्षात आलं, की मुंगीचा विचार त्याच्या मनात आलेला नाही; त्याला फक्त हा आकडा पुढे जायला हवा होता. सातव्या टप्प्यात, शेवटच्या घारीच्या पुढ्यात, एका गोळीसाठी उरुशिबाराचा हात पाव क्षण आधी हलला. अवघड घारीवर तो बरोबर ठरला असता.

ब्याऐंशी लाख सात हजार.

विक्रमाला तीन हजार चारशे कमी. दोन विमानांचे गुण.

"अजून एक खेळ," नागुमो म्हणाला. "एकच."

"तासभर लागतो," उरुशिबारा म्हणाला. "पाचला गाडी सुटते." त्यानं खांदे सैल केले आणि खुर्चीवरून उठला. "जुलैमध्ये झाला असता, मालक."

"हो," काकिनुमा म्हणाला. मग त्यानं खिडकीतून एक पाकीट आणलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. "चष्म्याचे एकोणीस हजार आठशे. आणि जास्तीची एकशे पंचवीस नाणी, त्यांचे साडेबारा हजार."

उरुशिबारानं पाकीट उघडलं, मोजलं, साडेबारा हजार बाजूला काढून खिडकीच्या ताटलीत ठेवले.

"खेळलो ते खेळलो. घार भारी पडली म्हणून नाणी परत मागणारा मी नाही. चष्म्याचे घेतो. तो मी घारीसाठी नाही, डोळे बिघडले समजून घेतला होता."

महिनाअखेरीस फुसाए जमाखर्च मांडायला बसली. घारीच्या पेटीत जास्तीचे आले साडेबारा हजार, पाकिटातून गेले एकोणीस हजार आठशे. खर्चाच्या बाजूला तिनं लिहिलं, 'दुरुस्ती'.

"कसली दुरुस्ती?" काकिनुमानं विचारलं. "मशिन तर बिघडलेलं नव्हतं."

"मशिन कोण म्हणतंय?"

मासिकाच्या ऑक्टोबरच्या अंकात घारीखाली तोच जुना ब्याऐंशी लाख दहा हजार चारशेचा आकडा छापून आला, कुठल्यातरी दुसऱ्या गावाचा, दुसऱ्या दुकानाचा. उरुशिबारा येत राहिला, पण बसायचा दुसऱ्याच मशिनवर, आणि घारीचा बोर्ड चौथ्या महिन्यात पैसे न फेडताच फडताळात गेला. शेवटी हिशेब असा झाला: सात हजार तीनशे येन काकिनुमानं भरले, कोमेटकडे गेलेली तीन गिऱ्हाइकंही त्याच्याच नावे पडली, आणि ते तीन हजार चारशे गुण उरुशिबारानं भरले, ज्यांची पावती त्यानं कधी मागितली नाही.